साडूंपेक्षा दहा सेंटिमीटर मोठी

“किती उजेड आहे गं ताई, तुझ्या गाडीत!”

हे वाक्य मापसाहेबांच्या बायकोने रविवारी दुपारी सव्वा वाजता उच्चारलं आणि एक वाजून सोळाव्या मिनिटाला मापसाहेबांची भूक मेली. हातात ताट तसंच होतं, ताटातलं अन्न तसंच होतं, फक्त घास गिळायला लागणारा मनाचा मोठेपणा कुठेतरी गळून पडला होता.

साडूंनी नवी कोरी कॅम्पर व्हॅन घेतली होती. चाकांवरचं घरच ते. आत घडीचं टेबल, घडीचा पलंग, घडीची शेगडी; घडी न घातलेली एकच वस्तू म्हणजे स्वतः साडू, आणि ते पसरून बसले होते. दोन्ही बाजूंना एकेक ऐसपैस खिडकी होती. तिच्यातून ऊन असं आत येत होतं, की जणू त्यालाही साडूंनी जेवायला बोलावलं होतं.

“मी तर म्हणते,” बायको पुढे म्हणाली, “तळ्यावर जाताना मी तुमच्याच गाडीत बसते. आमच्या गाडीत बरणीत घालून झाकण लावल्यासारखं वाटतं.”

मेव्हणी हसली. साडू हसले. बायकोही हसली. ज्याची बरणी होती तो मात्र हसला नाही.

तळ्यावरची सहल तीन आठवड्यांवर आली होती. दोन जोडपी, दोन गाड्या, चार दिवस. मापसाहेबांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: पुढे साडूंची उजेडाने भरलेली गाडी, तीत साडू, मेव्हणी आणि स्वतःची बायको हसत-खिदळत चाललेले, आणि मागून वीस वर्षांच्या जुन्या गाडीत एकटे आपण. नवरा म्हणून नव्हे, सामान घेऊन येणारा म्हणून.

आता ‘मापसाहेब’ हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. गावातल्या प्रत्येक दुकानातला काटा, प्रत्येक पंपावरचं यंत्र आणि कापडवाल्यांचा प्रत्येक गज त्यांच्या हाताखालून गेला होता. इतरांच्या खिशात रुमाल असतो, त्यांच्या खिशात सरकारी शिक्क्याची पोलादी टेप असायची. लोक त्यांना घाबरत. निदान दुकानदार तरी. घरात टेपचा अधिकार चालत नसे.

“जरा हात धुऊन येतो,” म्हणून ते उठले, गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले आणि साडूंच्या खिडकीचं माप घेतलं. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, नव्वद बाय पंचेचाळीस सेंटिमीटर. खात्री म्हणून पुन्हा घेतलं. नव्वदच भरली. मनात आशा होती की एकोणनव्वद भरेल.

तेवढ्यात खिडकी आतून उघडली आणि मेव्हणीचं डोकं बाहेर आलं. “काय मोजताय हो?”

“काही नाही. सवय.”

“हात धुतलेत?”

मापसाहेबांनी टेप खिशात टाकली आणि नव्वद सेंटिमीटरची जखम घेऊन ते परत ताटावर येऊन बसले.

त्यांची स्वतःची गाडीही तशीच, मागे पलंग-शेगडी असलेली, आणि तिलाही खिडक्या होत्याच. दोन्ही बाजूंना एकेक, जाड रबरात बसवलेली. पण टपालपेटीच्या फटीने मोठेपणी आपण काय व्हायचं याचं स्वप्न पाहिलं असेल, तर ते साधारण तेवढं असेल. काच पिवळी पडली होती. तिच्यातून बाहेर पाहिलं की जगाला कावीळ झाल्यासारखं दिसे.

सोमवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं, “गाडीच्या खिडक्या बदलतोय.”

“कशाला?” बायकोने विचारलं.

“उजेडासाठी.”

“अहो, मी सहज म्हटलं होतं. कुणी हौसेने काही दाखवलं की चार शब्द बरे बोलावेत माणसाने.”

“मग माझ्या गाडीबद्दल चार शब्द बरे कधी बोललीस?”

“तुम्ही कधी हौसेने दाखवलीत? तुम्ही दाखवलीत ती पावती आणि इंजिनाचा नंबर.”

वादात हरले की मापसाहेब कृतीकडे वळत. त्यांनी कॅटलॉग उघडलं आणि त्यातली सर्वांत मोठी खिडकी मागवली. शंभर बाय पन्नास. दुहेरी काच, वर उचलून उघडणारी, आत जाळी, जाळीवर पडदा. साडूंपेक्षा लांबीला दहा सेंटिमीटर जास्त, उंचीला पाच. त्यांनी क्षेत्रफळही काढून पाहिलं. साडूंचा उजेड चार हजार पन्नास चौरस सेंटिमीटर, आपला पाच हजार. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना गुणाकाराने आनंद दिला.

खिडक्या यायला आठ दिवस लागले. तोवर बातमी इमारतभर झाली आणि गाडीभोवती संध्याकाळचा दरबार भरू लागला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर रोज खडू घेऊन खाली उतरत.

“खिडकी म्हणजे गाडीचा डोळा,” ते म्हणाले. “डोळा कानापर्यंत ओढलात तर चेहरा बिघडतो. थांबा, मी दाखवतो.” आणि त्यांनी पत्र्यावर खडूने एक सुबक चौकोन काढला. दुसऱ्या दिवशी त्यांना तो पटला नाही म्हणून त्याच्याशेजारी दुसरा काढला. चौथ्या दिवशी गाडी गणिताच्या वहीसारखी दिसायला लागली.

इमारतीचे सेक्रेटरी हे वेगळंच प्रकरण होतं. ते सल्ला देत नसत, फक्त शक्यता सांगत. “पाणी शिरलं तर?” असं म्हणून ते निघून जात. दुसऱ्या दिवशी येऊन, “गंज चढला तर?” म्हणत आणि पुन्हा नाहीसे होत. पुण्य लागावं तसे रोज एक शंका सोडून जायचे. शेवटी जाता जाता म्हणाले, “भोक पाडायला अर्धा तास लागतो साहेब. बुजवायला जन्म पुरत नाही.”

“मी बुजवण्यासाठी पाडतच नाहीये,” मापसाहेब ताठ मानेने म्हणाले.

“असं सगळेच म्हणतात,” सेक्रेटरी म्हणाले. सगळे म्हणजे कोण, कुणाकुणाच्या गाड्यांना भोकं पडली होती, हे त्यांनी सांगितलं नाही.

खिडक्या आल्या त्या आठवड्याच्या शनिवारी पत्रेवाला आला. गाड्यांचे पोचे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बोलायला मोजका. कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असे: “होऊन जाईल.” त्याने खोकं उघडलं, खिडकी उलटसुलट करून पाहिली, तिच्याबरोबर आलेला बारीक छपाईचा कागद मापसाहेबांकडे दिला आणि म्हणाला, “साहेब, एवढं वाचून सांगा. मग मी खूण करतो.”

कागदावर मुंग्यांएवढ्या अक्षरांत सात भाषा होत्या. त्यांतली एकही मापसाहेबांची नव्हती. पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा हा की वजनमापे निरीक्षकाच्या दारात एक पत्रेवाला खूण करणार?

“माप मी देणार,” ते म्हणाले. टेप काढली, कागदाची घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवली, खिडकीच्या बाहेरच्या कडा मोजल्या आणि पत्र्यावर टोकदार पेन्सिलीने चौकोन आखला. शंभर बाय पन्नास. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. चारही कोन काटकोनात. ड्रॉइंग मास्तरांनीसुद्धा खडू खिशात ठेवला.

पत्रेवाल्याने डोकं खाजवलं. “आधी एकच बाजू कापू का? बसवून बघू. मग दुसरी.”

“मी काटा तपासतो तेव्हा एक पारडं सोमवारी आणि एक मंगळवारी तपासतो का?”

“नाही साहेब.”

“मग दोन्ही कापा.”

त्याने दोन्ही कापल्या. कर्कश आवाजाने सगळ्या गॅलऱ्या भरल्या. जुन्या खिडक्या त्या चौकोनांच्या पोटातच होत्या, त्या पत्र्यासकट बाहेर आल्या. गाडीला आरपार दोन प्रचंड भोकं पडली. एका बाजूने पाहिलं की दुसऱ्या बाजूचे सेक्रेटरी दिसत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

“आता मी आत बसतो,” मापसाहेब म्हणाले, “तुम्ही बाहेरून लावा.”

पत्रेवाल्याने दोन्ही हातांनी नवी खिडकी उचलली, नेम धरून भोकावर टेकवली आणि हलकेच दाबली. ती पत्र्यावर टेकलीच नाही. ओळखीच्या घरात शिरावं तशी सरळ आत आली.

वरून गॅलरीतून बायकोचा आवाज आला, “बसली का हो?”

“बसली!”

“कुठे?”

“मांडीवर.”

खिडकी म्हणजे काय, हे मापसाहेबांना वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मांडीवर खिडकी घेऊन समजलं. तिची बाहेरची कड पत्र्यावर टेकण्यासाठी असते. भोक त्या कडेपेक्षा लहान हवं, चारही बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर. पातेल्यावर झाकण ठेवायचं तर झाकण पातेल्याच्या तोंडाएवढं असून चालत नाही, हे कुठलीही बाई त्यांना सांगू शकली असती. त्यांचं माप तंतोतंत बरोबर होतं. फक्त ते चुकीच्या गोष्टीचं होतं.

“होऊन जाईल,” पत्रेवाला सवयीने म्हणाला. मग भोकाकडे पाहून स्वतःच म्हणाला, “नाही होणार.” आणि अवजारं गोळा करून निघाला.

सेक्रेटरींनी काहीच शक्यता सांगितली नाही. शक्यता संपल्या होत्या.

मापसाहेबांनी भोकांवर प्लॅस्टिक चिकटवलं. बायको खाली आली, तिने प्लॅस्टिकवर बोट वाजवून पाहिलं आणि म्हणाली, “उजेड मात्र छान येतोय.” ती मनापासून म्हणाली होती, पण ईर्षेच्या कानाला मनापासूनचं बोलणं ऐकू येत नाही. त्यांना वाटलं, टोमणा मारला.

सहल आठवड्यावर आली. आणि आता दुसरंच त्रांगडं पुढे आलं. गाडीच्या अंगात बदल केला की वाहन नोंदणी कार्यालयात तशी नोंद करावी लागते. नाहीतर रस्त्यात अडवून गाडी ठेवून घेतात. जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासलेला माणूस चोरून गाडी चालवणार कसा? त्यांनी खिडक्या मागवल्या त्याच दिवशी रीतसर अर्ज केला होता आणि मंगळवारची वेळ मिळाली होती. ते प्लॅस्टिक फडफडवत तिथे गेले.

खिडकीमागच्या कारकुनाने वही काढली. त्याच्या खिडकीचं माप साठ बाय चाळीस असावं, हे मापसाहेबांच्या मनात येऊन गेलं. आता कुठेही खिडकी दिसली की असं व्हायचं.

“खिडक्या बदलायच्यात असं लिहिलंय तुम्ही.”

“हो.”

“पण तुमच्या गाडीला खिडक्याच नाहीत.”

“म्हणजे?”

“नोंदीत ही मालवाहू गाडी आहे. मागे बंद पेटी. खिडक्या शून्य. आधीच्या मालकाने परस्पर बसवल्या असतील, इथे कळवलेलं नाही. जे नाही ते बदलणार कसं?”

मापसाहेबांनी विचार केला. सरकारी माणसाला सरकारी युक्तिवाद सुचतो. “बरं, मग आत्ता खिडक्या नाहीतच. बाहेर येऊन बघा. म्हणजे नोंद बरोबर आहे.”

कारकून बाहेर आला. त्याने प्लॅस्टिक उचलून आत डोकावलं. “खिडक्या नाहीत. पण भोकं आहेत. भोकांची नोंद कुठे आहे?”

“भोकांची नोंद कोण करतं?”

“कोणीच नाही. तोच तर प्रश्न आहे.” तो परत आत जाऊन बसला आणि एकदम गोड हसला. “साहेब, तुम्ही मला ओळखलं नाहीत. बाजारात किराणा दुकान आहे ना, कोपऱ्यावरचं? ते माझ्या मेव्हण्याचं. मागच्या वर्षी तुम्ही त्याचा काटा सील केला होतात. दोन ग्रॅमसाठी.”

“तीन,” मापसाहेब म्हणाले. आणि आपण हे बोलायला नको होतं, हे त्यांना बोलता बोलताच कळलं.

“तीन. तर आपण दोघंही नियमाची माणसं. नियम असा: आधी जुन्या खिडक्यांची नोंद करायची, मग त्या बदलल्याची. जुन्या खिडक्या गाडीला असल्याचा फोटो आणा. त्यात गाडीचा नंबर दिसायला हवा. शुक्रवारपर्यंत.”

मापसाहेब घरी आले आणि त्यांनी फोन चाळला. इंजिनाच्या नंबराचे सहा फोटो होते. टायरवरच्या अक्षरांचे चार. खिडक्यांचा एकही नव्हता. जिची लाज वाटते तिचे फोटो कोण काढतं? नंबर आणि खिडकी एकत्र दिसतील असा सबंध जगात एकच फोटो होता. साडूंनी नवी गाडी घेतली त्या दिवशी, दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी लावून त्यांनी तो काढला होता. तो फक्त साडूंकडे होता.

दोन तास ते फोनकडे पाहत बसले. मग त्यांनी साडूंना फोन लावला आणि अगदी सहज, हवापाण्याची चौकशी करावी तसं म्हणाले, “भाऊसाहेब, तो फोटो पाठवता का? दोन्ही गाड्यांचा. जरा आठवण म्हणून.”

“आठवण?” साडू म्हणाले. “मापसाहेब, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

फोटो आला. आणि फोटोपाठोपाठ अर्ध्या तासात साडूही आले. घरी मेव्हणीला तिच्या बहिणीने सगळं केव्हाच सांगितलं होतं. बहिणींमध्ये भोकं लपत नाहीत.

साडू गाडीभोवती फिरले. प्लॅस्टिक काढून आत डोकावले. मापसाहेब टोमण्याची वाट पाहत उभे राहिले. त्यांनी मनात चार उत्तरं तयार ठेवली होती; त्यांतलं एक तर फारच झणझणीत होतं. साडू फक्त म्हणाले, “होतं असं.”

बस. एवढंच. माणसाने दुसऱ्याला इतकं असहाय करू नये. टोमणा मारला असता तर भांडता आलं असतं, भांडण झालं असतं तर सहल रद्द करता आली असती, आणि अब्रूही राहिली असती. ‘होतं असं’ला काय उत्तर देणार?

“अॅल्युमिनियमची चौकट करू,” साडू म्हणाले. “भोकापेक्षा बाहेरून मोठी, आतून लहान. रिव्हेट मारून पत्र्याला घट्ट करायची, फटीत सिलिकॉन भरायचं. मग खिडकी त्या चौकटीत बसेल. दोन दिवसांचं काम. मी उद्या हत्यारं घेऊन येतो.”

“तुम्ही कशाला त्रास घेता? मी कुणालातरी...”

“कुणाला? पत्रेवाल्याने तर फोन बंद करून ठेवलाय म्हणे.”

हेही बहिणीकडूनच कळलेलं.

पुढचे दोन दिवस मापसाहेबांच्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस होते. साडू कामाला लागले की शीळ घालत. सूरही बरोबर लागायचा, हा आणखी एक अन्याय. त्यांनी पट्ट्या कापल्या, कोपरे जुळवले, कानस मारली. मापसाहेबांना त्यांनी दोन कामं दिली होती. एक, ओंजळीत रिव्हेट धरून उभं राहणं. दोन, मागितली की एकेक देणं. तेवीस वर्षांची सरकारी नोकरी झालेला अधिकारी ओंजळ पुढे करून उभा होता आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे देवळाबाहेर बसलेल्याकडे बघावं तसा बघत होता.

“टेप द्या जरा,” साडू म्हणाले.

मापसाहेबांनी खिशातली पोलादी टेप दिली. सरकारी शिक्क्याची टेप परक्या हातात जाताना त्यांना मुलीच्या पाठवणीसारखं काहीतरी वाटलं. नक्की काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण डोळे पाणावले खरे.

दर तासाला बायको चहा घेऊन खाली येत होती. ट्रेमध्ये पाहुण्यांच्या कपांतला निळ्या कडेचा कप साडूंसाठी, आणि कान तुटलेला घरचा कप मापसाहेबांसाठी. “भाऊजी, दमला असाल. बिस्किट घ्या ना.” “अहो भाऊजी, केवढं सरळ कापलंत!” मापसाहेब म्हणाले, “मीही सरळच कापलं होतं.” ती म्हणाली, “तुम्ही सरळ कापलंत, पण मोठं कापलंत.” हे इतकं खरं होतं की त्यांनी चहात तोंड घातलं.

ड्रॉइंग मास्तर खाली आले. चकचकीत अॅल्युमिनियमच्या रुंद पट्टीत बसलेल्या त्या खिडकीकडे त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. “वा! आता चित्राला फ्रेम लागली.” आणि साडूंचा हात हातात घेऊन म्हणाले, “दृष्टी आहे तुम्हाला.” ज्या मास्तरांना मापसाहेबांनी आठ दिवस खडू पुरवला होता, त्यांनीच. सेक्रेटरीसुद्धा आले, खिडकीवर पाण्याचा नळ सोडून पाच मिनिटं उभे राहिले, आणि थेंबही आत गेला नाही तेव्हा कुणीतरी फसवल्यासारखा चेहरा करून निघून गेले.

शुक्रवारी कारकुनाने फोटो लावला, जुन्या खिडक्यांची नोंद केली, त्या काढल्याची नोंद केली आणि नव्या खिडक्यांवर टेप धरली. मापसाहेबांना वाटलं, हा आता तीन ग्रॅमचा सूड उगवणार. पण तो म्हणाला, “काम एक नंबर झालंय. कोणी केलं?”

“झालंय आपलं.”

“आपलं नाही चालत. इथे रकाना आहे: खिडकी बसवणाऱ्याचं नाव.”

मापसाहेबांनी पेन उचललं. खोटं लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण पाव किलोत तीन ग्रॅम कमी भरले म्हणून काटा सील करणारा माणूस तो. त्यांनी साडूंचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरांत लिहिलं. कारकुनाने त्यावर शिक्का मारला. आता गाडी भंगारात जाईपर्यंत सरकारदरबारी ती साडूंची खिडकी राहणार होती.

सहलीची सकाळ उजाडली. साडूंची गाडी दारात येऊन उभी राहिली. मेव्हणीने आतून हात हलवला, “येतेस ना गं?”

मापसाहेब सामान चढवत होते. त्यांनी हातातली पेटी खाली ठेवली नाही. फक्त ती दाराशी आधीच ठेवलेल्या पेटीवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

बायकोने ताईच्या गाडीकडे पाहिलं. मग आपल्या गाडीकडे. त्या दोन प्रचंड, चमकत्या चौकटींच्या खिडक्यांकडे. “नाही गं, आज आमच्याच गाडीत. एवढ्या खिडक्या केल्यात, बसायला नको?”

पेटी आपोआप योग्य जागी गेली. मापसाहेब स्टिअरिंगवर बसले आणि शीळ घालायचा त्यांनी प्रयत्न केला. नुसती हवा निघाली, पण आनंदाची निघाली. पाच हजार चौरस सेंटिमीटर जिंकले होते. बायको नेहमीच्या जागी, मागच्या बाकावर, खिडकीशी बसली होती. ते आरशात पाहत होते. तिच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. बावीस वर्षांत त्यांनी तो चेहरा इतक्या उजेडात पाहिला नव्हता, आणि ते सगळं ऊन आपण आणलंय असं त्यांना वाटलं.

“अहो, नदी दिसतेय सबंध!” बायको म्हणाली. “काय बसवलीय भाऊजींनी खिडकी!”

त्यांनी गिअर बदलला.

दहा मिनिटांनी: “आवाज म्हणून येत नाही हो. भाऊजींच्या हाताला काय सफाई आहे!”

पुढच्या वळणावर: “ही कड बघा कोपऱ्यातली. भाऊजींनी...”

मापसाहेबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली.

“काय झालं? बंद पडली?”

“नाही.”

“मग?”

“पुढे ये बसायला.”

“पुढे? पुढे कुठे जागा आहे?”

खरंच नव्हती. शेजारच्या सीटवर नोंदणीची फाइल होती, सिलिकॉनच्या दोन नळ्या होत्या, रबराचं भेंडोळं, नकाशे, थर्मास, इंजिनाच्या कागदपत्रांची पिशवी. मापसाहेबांनी ते सगळं उचलून मागे टाकलं आणि सीट हाताने झटकली. बायको उतरली, पुढून वर चढली, पदर सारखा केला आणि समोर पाहिलं. रस्ता, दोन्ही बाजूंची झाडं, टेकडी, टेकडीवरचं आभाळ, सगळं एकदम.

“अगोबाई,” ती म्हणाली. “इथून तर सगळंच दिसतं.”

“ही काच कंपनीची आहे,” मापसाहेब घाईने म्हणाले. “मूळची. कुणी बसवलेली नाही.”

“मग मला इतके दिवस मागे का बसवलंत?”

“मागे घरासारखं वाटतं म्हणून. पलंग आहे, शेगडी आहे...”

“घरात मी एकटीच असते का?” ती म्हणाली. “ताईच्या गाडीत जाते म्हटलं ते काय उजेडासाठी? ताई बोलते माझ्याशी. इथे मागे बसून मी कुणाशी बोलायचं? तुमच्या पाठीशी?”

मापसाहेबांना एकदम पुष्कळ गोष्टी म्हणायच्या होत्या. त्यांतली एकही त्यांना मोजता येईना. त्यांनी गाडी सुरू केली. चढावर इंजिनाने आपल्या वयाला शोभेलसा आवाज काढला. गिअर बदलून ते म्हणाले, “मग आता बोल.”

“काय बोलू?”

“काहीही.”

बायकोने समोर पाहिलं. समोर, चढाच्या मध्यावर, साडूंची गाडी चालली होती. वळणावर साडूंनी ब्रेक दाबला.

“ताईच्या गाडीचे मागचे दिवे काय सुरेख आहेत, नाही?”

मापसाहेबांचा हात गिअरवर आवळला गेला. दिवे लाल होते. दोन होते. त्यांच्याही गाडीला मागे तसेच दोन होते, तितकेच लाल, आणि काल त्यांनी ते स्वतः पुसले होते. पण ते तिला या सीटवरून कधीच दिसणार नव्हते. आणि तिने या सीटवरून उठावं, असं काही केल्या त्यांना वाटेना.

“बरे आहेत,” ते म्हणाले. “बोल पुढे.”